गळ्याला रेघ नव्हती

मुकुंदा गेला हे मला कल्याण स्टेशनच्या पुलावर कळलं, तेही दोन दिवस उशिरा. त्याच्या गिरणीतले एक ओळखीचे गृहस्थ समोरून आले, थांबले आणि म्हणाले, "काल तुम्ही दिसला नाहीत?" मी म्हटलं, "कुठं?" त्यावर ते चपापले. ह्या माणसाला काहीच ठाऊक नाही आणि सांगायचं काम आता आपल्याच गळ्यात पडलंय, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. चाचरत म्हणाले, "अहो, मुकुंदराव... परवा संध्याकाळी. कामावरून आले, चहा घेतला आणि छातीत कळ आली." मी "असं का," एवढंच म्हणालो. वर्गातला एखादा मुलगा गैरहजर का, हे दुसऱ्यानं सांगितल्यावर म्हणतो तसं. मग पूल उतरलो, घरी गेलो, हातपाय धुतले आणि जेवलोसुद्धा. रडू यायला पुढं पंधरवडा लागला, आणि ते आलं ते एका बदकावरून.

त्या बदकाचं सांगायचं तर आधी मुकुंदा कोण ते सांगायला हवं, कारण पेपरात नाव यावं असं त्यानं काही केलेलं नाही. ठाण्याच्या एका लोकरीच्या गिरणीत तो रंगखात्यात होता. रंगवून आलेल्या कापडाची छटा मूळ नमुन्याशी जुळते की नाही, हे डोळ्यांनी ठरवायचं, हे त्याचं काम. मी कल्याणला शाळेत शास्त्र शिकवतो. आमची गाठ पडायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या थंडीत मी त्या गिरणीच्या दुकानातून कोटाचं कापड आणलं, दोन तुकड्यांत. कोट शिवून आला आणि आमच्या सौभाग्यवतींनी तो उन्हात धरून जाहीर केलं की बाह्यांचा रंग वेगळा आहे. मला तोवर काही दिसलं नव्हतं. ती म्हणाली आणि मग असं दिसायला लागलं की कोट अंगात घालवेना. तावातावानं ठाण्याला गेलो. दुकानवाल्यानं मला आत रंगखात्यात पाठवलं. तिथं एक उंच, किडकिडीत माणूस आला, कोट घेऊन उत्तरेकडच्या खिडकीशी गेला आणि तोंड न वळवता विचारता झाला, "फरक आधी कुणाला दिसला?" म्हटलं, बायकोला. "मग त्यांनाच आणायचंत ना. तुम्ही आता बघत नाही आहात, ऐकलेलं बघताय." मला असा राग आला म्हणता! शाळामास्तराला असं तोंडावर कुणी सांगत नाही, निदान आमच्या कल्याणात तरी. पण त्यानं कोट नीट पाहिला, बाह्या वेगळ्या निघाल्या, कापड बदलून मिळालं, आणि निघताना तो म्हणाला, "वहिनींची नजर पक्की आहे, सांगा त्यांना." ते काही मी घरी सांगितलं नाही.

त्यांच्या खात्यात एक रीत होती. कापड आलं की दोघांनी पाहायचं, पण एकेकट्यानं. पाहून झालं की जुळतं किंवा जुळत नाही एवढंच चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पालथी ठेवायची. दुसऱ्याचं लिहून होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, 'हं' सुद्धा करायचं नाही. एकानं नुसतं नाक मुरडलं तरी दुसऱ्याचा डोळा बिघडतो, असं मुकुंदाचं म्हणणं. त्यानं पाखरांच्या बाबतीतही हेच सुरू केलं आणि मला त्यात ओढलं.

पाखरांचं वेड त्याला माझ्या आधीपासून होतं. कोपरीला त्याचं घर. मागल्या दारी उभं राहिलं की मिठागरं, त्यांचे बांध आणि पलीकडं खाडी. थंडी पडली की रविवारी पहाटेच्या गाडीनं मी यायचो, त्याच्या घरी चहा व्हायचा आणि आम्ही बांधावर. दुर्बीण एकच, महायुद्धानंतर विकायला काढलेल्या लष्करी डिस्पोजलच्या मालातली, दोघांत मिळून घेतलेली, एका भिंगाला बुरशी आलेली. ती त्याच्या ओटीवर खुंटीला टांगलेली असायची. अनोळखी पाखरू दिसलं की आधी एकानं बघायचं, मुकाट्यानं दुर्बीण दुसऱ्याच्या हाती द्यायची, मग दोघांनी बांधावर पाठीला पाठ लावून बसायचं आणि काय दिसलं ते लिहायचं, जमेल तसं चित्र काढायचं. मग कागदांची अदलाबदल. शेवटी त्याचा एक प्रश्न ठरलेला: "आधी काही ऐकलं होतंस?" त्यावर 'नाही' म्हटलं की मगच त्या पाखराला नाव मिळायचं. येणारी-जाणारी माणसं दोन प्रौढ गृहस्थ चिखलात एकमेकांकडे पाठ करून बसलेले बघायची आणि भांडण झालंय असं समजून पुढं जायची. माझी चित्रं दिव्य. एकदा तुतवार, चिखलात टिपत फिरणारं ते चिमुकलं पाखरू, काढला, त्याचे पाय बघून मुकुंदा म्हणाला, "गोविंदा, हा उंट मिठागरात कुठून आला?"

घरात त्याची आई आणि सुमतीवहिनी. आईंना सगळी कोपरी माई म्हणायची. माई वाईट नव्हत्या, पण त्या घरात घड्याळ आणि देव दोन्ही त्यांच्याच हातात होते. त्या बदकाच्या थंडीत मुकुंदाच्या लग्नाला तीनेक वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. त्यावर माईंनी वहिनींना सोळा सोमवार धरायला लावले होते. उपास, सकाळी शंकराच्या देवळात बेल वाहायचा, संध्याकाळी पूजा. हे मला तेव्हा अर्धवट ठाऊक होतं. मित्राच्या घरातल्या अशा गोष्टी आपण ऐकतो आणि सोडून देतो.

मुकुंदाला एक हाव होती, आणि ती त्यानं एकदाच बोलून दाखवली. म्हणाला, कापडाची छटा मी जुळवतो, पण कोट घालणाऱ्याला ते कुठं ठाऊक असतं? एखादं पाखरू असं दिसावं, की ते इथं आलं होतं हे फक्त आपल्या डोळ्यांमुळं जगाला कळलं. मुंबईत पक्ष्यांचा अभ्यास करणारी जाणती मंडळी होती, त्यांचं एक इंग्रजी नियतकालिक निघायचं. त्यात एक चार ओळींची नोंद यावी, बस. एरवी बढतीसाठीही कुणाच्या पुढंमागं न करणारा हा माणूस, पण ते नियतकालिक हातात आलं की कोणाच्या नोंदी आल्यात ते आधी बघायचा.

ती वेळ आली ती अशाच एका रविवारी. भरती चढत होती. मिठागरात खाडीचं पाणी घ्यायला बांधात फळ्यांची दारं असतात, त्यांना उघाडी म्हणतात. पाणी आत घुसतं तिथं मासळी गोळा होते. त्या उघाडीसमोर एक पाखरू बुड्या मारत होतं. मी म्हटलं पाणकावळा असेल, मनात म्हटलं, तोंडानं नाही. मुकुंदानं दुर्बीण लावली आणि ती काही केल्या खाली करेना. बदक तर खरंच, पण आपल्या बदकांची चोच चपटी असते, ह्याची बारीक, लांब आणि लालसर. डोकं विटकरी, आणि त्यावर मागल्या बाजूला न विंचरल्यासारखे तुरे. हे एवढं तर मला नुसत्या डोळ्यांनीही दिसत होतं.

अशा चोचीची, मासे धरणारी बदकं म्हणजे मर्गान्सर, हे आम्ही पुस्तकात पाहिलेलं होतं. त्यांत एक नदीचं, ते हिमालयाकडच्या नद्यांत उतरतं आणि क्वचित खालीही येतं. दुसरं समुद्राचं, आणि ते कराचीच्या खाली कुणी पाहिल्याचं आमच्या पुस्तकात तरी नव्हतं. दोन्हींच्या माद्या एका साच्यातल्या, विटकरी डोकं आणि राखाडी अंग. फरक म्हणाल तर गळ्याचा. नदीच्या बदकाच्या मानेचा विटकरी रंग जिथं संपतो तिथं कात्रीनं कापल्यासारखी रेघ असते आणि खाली लख्ख पांढरं. समुद्राच्या बदकाला ती रेघ नसते, विटकरी हळूहळू पांढऱ्यात विरत जातो. म्हणजे सगळा निवाडा त्या बोटभर गळ्यावर, आणि गळा दिसायचा तर पाखरानं मान वर करून समोर तोंड करायला हवं. ते सारखं बुड्या मारत होतं.

शेवटी ते एक मासा घेऊन वर आलं. मासा आडवा होता, तो सरळ करून गिळायला त्यानं मान ताठ केली, आणि मुकुंदा ओरडला, "रेघ नाही! अरे गोविंदा, रेघ नाही गळ्याला!"

इतक्या वर्षांत त्या बांधावर आमच्यातल्या कुणी आवाज म्हणून काढला नव्हता. ओरडला आणि तसाच उभा राहिला, तोंड उघडं. मग दुर्बीण माझ्या हातात दिली. बदक अजून वरच होतं. मी पाहिलं, निवांत पाहिलं. रेघ नव्हती. मी दुर्बीण खाली केली आणि म्हटलं, "नाही. नाहीच आहे रेघ. समुद्राचंच." मुकुंदा खाली बसला होता, सवयीनं माझ्याकडे पाठ करून. वळून म्हणाला, "आता काय उपयोग?"

मी पहिल्यांदा हसलो. म्हटलं, अरे, दोघांनी पाहिलं ना डोळ्यांनी! तो म्हणाला, "मी पाहिलं. तू ऐकलेलं बघितलंस." मी म्हटलं, मला डोळे आहेत. म्हणाला, "आहेत की. पण रेघ नाही असं मी बोंबललो नसतो तर तुला काय दिसलं असतं, हे आता तुला तरी कसं कळणार?" त्याचा मला राग आला, कारण शास्त्र मी शिकवतो आणि बोलणं त्याचं बरोबर होतं. पण खरं सांगायचं तर राग त्याच्यावर कमी आणि दैवावर जास्त होता. जन्मभर दुसऱ्यांना ओठ शिवायला सांगणाऱ्याच्या जिभेनं नेमकी त्याच दिवशी घाई करावी, ह्याला काय म्हणायचं? स्टेशनपर्यंत तो माझ्याबरोबर आला, घरी चहाला नेलं नाही. गाडीत चढताना मी सुचवलं की ठाण्यात बंदूकवाले शिकारी पुष्कळ आहेत, एक बार काढला की पाखरूच हातात येईल, मग साक्षीदार हवेत कशाला? त्या काळी तसा रिवाजच होता, कातडं दाखवलं की प्रश्न मिटला. मुकुंदानं माझ्याकडे पाहिलं. "ओळख पटवायची म्हणून मारायचं?" एवढंच म्हणाला.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा बदक नव्हतं. बुधवारपासूनच दिसत नाही, असं मुकुंदानं सांगितलं. ओटीवर बसून त्यानं मुंबईला पाठवायचं पत्र माझ्यापुढं ठेवलं. इंग्रजी झकास, तपशील चोख. शेवटी मात्र एक वाक्य होतं, की दुसऱ्या निरीक्षकानं पक्षी पाहिला तो माझे उद्गार ऐकल्यानंतर. मी म्हटलं, हे वाक्य काढ. "का? खोटं आहे?" म्हटलं, खरं आहे, पण खरं आहे म्हणून सगळंच लिहायचं असतं का? "मग काय, सोयीचं तेवढंच लिहायचं?" माझा आवाज चढला. म्हटलं, हरिश्चंद्रा, एवढंच होतं तर सोमवारी, मंगळवारी आणखी कुणाला तरी नेऊन दाखवायचंस, काही न सांगता! दोन दिवस होतं ना तिथं! मुकुंदानं पत्र उचलून घेतलं. वहिनी त्याच वेळी चहा घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या, त्या कप घेऊन तशाच आत परत गेल्या. आमचा आवाज ऐकून गेल्या असतील, असं मी धरून चाललो. तो चहा त्या दिवशी आलाच नाही.

मुंबईचं उत्तर सभ्य होतं. आपली निरीक्षणं काळजीपूर्वक केलेली दिसतात, परंतु इतक्या दुर्मीळ पक्ष्याच्या बाबतीत एक तर नमुना हवा, नाही तर दुसऱ्या निरीक्षकाची स्वतंत्र साक्ष. ती नसल्यानं नोंद छापता येत नाही, क्षमस्व. मुकुंदानं ते वाचलं, घडी केली आणि म्हणाला, "त्यांच्या जागी मी असतो तर हेच लिहिलं असतं." मग दुर्बीण घेऊन आम्ही बांधावर गेलो. त्या दिवशी त्यानं चिखलातल्या तुतवारांकडे इतका वेळ लावला की मला घरी जेवायला उशीर झाला.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली. कोपरीत निर्वासितांची वस्ती वाढली, माई थकल्या, घरात पाळणा हलला नाही तो नाहीच. मी मुख्याध्यापक झालो आणि माझे रविवार कमी झाले. मुकुंदाचे झाले नाहीत. दर थंडीत तो त्या उघाडीपाशी जाऊन भरतीची वाट बघत बसायचा. मी कधी चिडवलं, की काय रे, तुझी परदेशी पाहुणी आली नाही अजून? तर म्हणायचा, "ती कशाला येते? तिचा रस्ता चुकला तो एकदाच." हसायचा. त्याला त्या गोष्टीची टोचणी लागून राहिलीय असं मला वाटायचं, आणि त्या हसण्याचा अर्थ मी उलटाच लावत होतो, हे कळायला त्याला जावं लागलं. दोन वर्षांमागं माई गेल्या. आणि आता हा.

दिवसकार्य झाल्यावर मी कोपरीला गेलो. भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरली होती. वहिनी ओटीवर बसल्या होत्या, मी समोर. अशा वेळी जे बोलायचं ते बोलून झालं. खुंटीवर दुर्बीण होती. वहिनी म्हणाल्या, "भावजी, ही तुम्ही न्या. दोघांची होती ना." मी ती हातात घेतली. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, की ह्या दुर्बिणीतून त्यानं एक असं पाखरू पाहिलं होतं, पण जगानं मान्य केलं नाही, ती एक खंत राहिली बिचाऱ्याची.

"त्या बदकाचं म्हणता? गळ्याला रेघ नव्हती त्याच्या," वहिनी म्हणाल्या.

मला वाटलं, नवऱ्याकडून ऐकलेलं सांगताहेत. म्हटलं, "मुकुंदानं सांगितलं असेल तुम्हाला."

"ते कशाला सांगतील? त्यांनी तर स्वतः तोंडातून चकार शब्द काढला नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं, खालच्या आवाजात, मध्ये मध्ये थांबत. त्या रविवारी रात्री मुकुंदा एवढंच म्हणाला होता, की उद्या देवळात निघालीस की आधी माझ्याबरोबर चल, काम आहे. काय काम ते सांगेना. सोमवारी त्यानं गिरणीतली पाळी बदलून घेतली. भरती दुसऱ्या दिवशी पाऊण तास पुढं जाते, तेवढा हिशेब धरून तो पुढं निघाला आणि मागून थोड्या अंतरानं वहिनी. हातात बेलाचं तबक, वर फडकं. माईंना वाटलं सून देवळात चाललीय. "बांधावर गेल्यावर दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावून दिली. म्हणाले, ते पाखरू बघ. आणि स्वतः पाण्याकडे पाठ करून उभे राहिले. मी म्हटलं, असे काय उभे राहता? तर म्हणे, माझ्याकडे बघू नकोस, तोंडावरून कळतं." वहिनींनी पोटभर पाहिलं. मग त्यानं विचारलं, काय काय दिसलं ते सांग. गळा म्हणून नाही की रेघ म्हणून नाही. त्यांनी आपल्या भाषेत सांगितलं: डोकं विटेच्या रंगाचं, केस न विंचरलेले, चोच सुईसारखी, अंग राखेचं. आणि गळ्यापाशी सोलकढी. "म्हणजे नारळाच्या दुधात कोकमाचं आगळ घातलं आणि अजून ढवळलं नाही, तेव्हा कसा रंग कडेकडेनं पांढऱ्यात जातो? तसं. मी एवढं म्हटलं आणि हे मटकन खालीच बसले. मला वाटलं, ह्यांना काही होतंय. बघते तर हसताहेत! भावजी, आमच्या लग्नातसुद्धा ते इतके हसले नव्हते."

म्हणजे त्याच्यापाशी साक्ष होती. स्वतंत्र, कोरी, त्याच्या सगळ्या नियमांत बसणारी साक्ष, त्या सोमवारी सकाळपासूनच होती. मी ओटीवर आवाज चढवून 'आणखी कुणाला तरी न्यायचंस' म्हणत होतो तेव्हा तो साक्षीदार चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभा होता. मी विचारलं, "मग लिहिलं का नाही त्यानं?"

"मी हात जोडले म्हणून." वहिनी म्हणाल्या. "ते म्हणाले, तुझं नाव छापून येईल. वेळ टळून गेली होती, पायाला हा चिखल, बेल वाहिलाच नव्हता. माईंना मी देवळाजवळच्या तळ्याच्या पायरीवर घसरले म्हणून सांगितलं. देवाच्या नावानं खोटं बोलले. कुठून ना कुठून तो छापील कागद घरात आला असता, शेजारचे वकीलकाका इंग्रजी वाचतात, त्यांनी कौतुकानं माईंना सांगितलं असतं... सोळा सोमवारातला एक बदकापायी मोडला, मग मूल कसं होईल, असं मला जन्मभर ऐकावं लागलं असतं. नाव न घालता लिहा म्हटलं, तर म्हणाले, नाव नसलेली साक्ष म्हणजे साक्षच नव्हे. मग 'बरं' म्हणाले. एवढंच. पुन्हा कधी विषय काढला नाही, कधी आठवणसुद्धा करून दिली नाही."

मी म्हटलं, "आणि माईंनी नाही ऐकवलं, तर तुम्हीच..."

"हो. मीच ऐकवत राहिले मला. कितीक वर्षं वाटायचं, त्या सोमवारानंच झालं. त्यांना कधी बोलले नाही, त्यांना लागलं असतं. आता नाही वाटत तसं." मग जरा हसल्या. "बेल फुकट नाही घालवला बरं का. उघाडीच्या पाण्यात सोडला. म्हटलं, शंकर काय देवळातच असतो?"

हे ऐकलं आणि मला रडू आलं. हातात ती बुरशी आलेली दुर्बीण, आणि मी मुख्याध्यापक, दुसऱ्याच्या ओटीवर हमसून हमसून रडतोय. वहिनींनी पाणी आणून दिलं, सांत्वनाला आलेल्याचंच सांत्वन केलं. इतकी वर्षं मी त्याला हट्टी म्हणत आलो, सत्याच्या वेडापायी हातचं घालवलं म्हणत आलो. त्यानं घालवलं ते सत्यापायी नव्हतंच. जन्मात एकदा हवं होतं ते मिळालं, मुठीत आलं, आणि बायकोला सासूचे बोल लागू नयेत म्हणून 'बरं' म्हणून त्यानं मूठ तशीच मिटून घेतली. आणि मला चकार शब्दानं कळू दिलं नाही. माझ्या तोंडावर त्याचा भरवसा नसावा, आणि तो नव्हता ते बरोबरच होतं.

निघताना मी विचारलं, "वहिनी, आता लिहू का हे?" त्या म्हणाल्या, "लिहा. माई नाहीत, तेही नाहीत. आणि मला आता कुणाचं ऐकायचं राहिलंय?" मग एकदम म्हणाल्या, "पण थांबा. तुम्ही तिकडे तोंड करा." मला कळेना. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ. मीही वळलो. त्यांनी ते बदक चोचीपासून शेपटीपर्यंत पुन्हा सांगितलं, सावकाश, माझ्या तोंडाकडे न बघता, आणि मी लिहून घेतलं. नवऱ्याची रीत त्यांनी एकदाच पाहिली होती, पण विसरल्या नव्हत्या.

दुर्बीण मी आणली नाही. ती कोपरीला त्याच खुंटीवर आहे. येत्या थंडीत वहिनी, मी आणि आमची सौभाग्यवती भरती बघून उघाडीवर जाणार आहोत, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. बदक येणार नाही, ते मला ठाऊक आहे. मुंबईची मंडळी आता इतक्या वर्षांनी ही नोंद घेतील असंही नाही, आणि ही काही त्यांच्या नियतकालिकाची जागा नव्हे. तरी मुकुंदा मांडायचा तशीच मांडतो.

जागा: ठाण्याची खाडी, कोपरीच्या मिठागराची उघाडी. वेळ: थंडीतला सोमवार, सकाळची भरती. पक्षी: समुद्री मर्गान्सर, मादी. गळ्याला रेघ नव्हती. पाहणार: मुकुंदा, आणि त्याची पत्नी सुमती. तिला आधी कुणी काही सांगितलं होतं का? नाही.